चकमक

मिठबाव. गावाच्या नावातच मीठ,
मग लोखंडाने काय करावं?
रात्री पुसून ठेवलेला कोयता
सकाळी तांबूस झालेला असतो,
हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा.

शेवटच्या पेट्या परवा वाशीला गेल्या.
कलमांखाली आता पाचोळा, एक फुटका क्रेट,
आणि पंपाच्या खोलीच्या पायरीवर
मी नि टेकबहादूर,
मध्ये निसणा.
तो उद्या जायचा. कणकवलीपर्यंत एसटी,
पुढे तीन-चार दिवस गाड्या बदलत
त्याच्या कैलालीला.

आधी चीक.
आंब्याचा चीक पात्यावर डांबरासारखा बसतो,
पाण्याला जुमानत नाही. त्याला रॉकेलचं फडकं,
तेही पाठीकडून धारेकडे, कधी उलट नाही.
माझ्या डाव्या अंगठ्यावर याची लेखी नोंद आहे.
मग भिजवलेली आमसुलं, गंज खोल गेलाय तिथे चोळून,
काळं पाणी सुटेपर्यंत. आणि लगेच राख.
आंबट जरा जास्त राहिलं
की गंजापेक्षा तेच वाईट खातं.
धुतला, चुलीच्या उबेला उभा केला.

टेकने खुकरी म्यानातून काढली.
म्यानात ठेवू नये रे, कातडं ओल धरतं.
"ठाऊक आहे तातूदाई. पण उघडी ठेवली
तर मालकीणबाई घाबरतात."

पात्याच्या बुडाशी ती खाच.
कशासाठी, पाच हंगाम विचारतोय.
एका वर्षी गाईचा खूर सांगितला, एका वर्षी चंद्र.
यंदा म्हणाला, "आजोबालाही ठाऊक नव्हतं."
यंदाचं मला पटलं.

आम्ही म्हणतो, कोयता पाजवायचा.
म्हणजे त्याला तहान असते, असं धरून चालायचं.
निसण्यावर पाणी, पात्यावर पाणी,
बोटांना कळेल तेवढाच तिरका,
एका दमात मुठीपासून शेंड्यापर्यंत.
मग अंगठ्याच्या नखावर टेकवावा.
घसरला, तर अजून तहानलेला.
पाजवून पाजवून वीस वर्षांत
कोयता दोन बोटं अरुंद झालाय,
निसणाही मधे खोलगट.
कुणी कुणाला प्यायलं, सांगता येत नाही.

टेकने निसण्याला हात लावला नाही.
म्यानाच्या पाठीतून एक बोटभर सुरी काढली,
बोथट, दिसायला अगदीच गरीब,
आणि खुकरीच्या धारेवरून ओढत राहिला,
इकडून, तिकडून, न दाबता.
हिचं नाव चकमक.
आमच्याकडे चकमक म्हणजे जुंपलेली, मी म्हणालो.
तो हसला. "ही कापत नाही.
धार गेलेली नसते दाई, वाकलेली असते.
ही नुसती सरळ करते."

मी कोयत्याकडे पाहिलं.
वीस वर्षांत किती वेळा तो नुसता वाकलेला असेल
आणि मी दगडावर घातला असेल.
थोरलाही आठवला.
तो विषय टेकपाशी काढला नाही.

मूठ हलत होती. पात्याची शेपटी तापवली,
भोकात लाख भरली, फणसाची मूठ वर ठोकली,
जळका गोडसर वास सुटला.
तेलाची बाटली उलटी केली तर खोबरेल संपलेलं.
त्याने पिशवीतून मोहरीचं काढलं.
दोन्ही अंगांना पातळ हात,
धारेला मात्र बोट नाही, कापूस.
मेणकापडात गुंडाळून माळ्यावर.

श्रावणात काढला.
गंजाचा एक ठिपका नाही.
वच्छलेने त्यानेच नारळ वाढवला,
वाटी हुंगली, पुन्हा हुंगली.
"ह्या खोबऱ्याक वास कसलो येता ओ?"
"धुवन देतंय," म्हटलं,
आणि कोयता पाण्याखाली धरला.
साबण लावला नाही.