वहीतली रिकामी जागा

सकाळी सहाला शाळेची बस काढायची आहे,
हे मी स्वतःला तिकीट घेताना सांगितलं,
पार्किंगमध्ये सांगितलं,
कोट ठेवायला दिला तेव्हाही.

मेनच्या किनाऱ्यावर सार्डिनचा जुना कारखाना,
आता तिथं बँडा वाजतात.
बर्फ वितळायला लागला
की भिंती अजून मासळीचा वास सोडतात.

'स्लो फेरी'चा हा माझा एकसष्टावा.
वहीत सगळे आहेत: तारीख, गाव,
कुठलं गाणं किती मिनिटं ताणलं,
पाहुणा कोण आला, कुणी माती खाल्ली.
पहिल्या वहीत अक्षर गिलचं,
डावखुरं, मागे रेललेलं.
तो उंच काठीला मायक्रोफोन बांधून उभा राहायचा
गळ टाकून बसलेल्या माणसासारखा,
आणि मला टाळीसुद्धा वाजवू द्यायचा नाही.
आता तो ॲरिझोनात असतो.
टेपा माझ्याकडे आहेत.

मध्यंतराआधी एक पोरगा ट्रंपेट घेऊन आला.
इस्त्रीची घडीही न मोडलेला शर्ट.
दोन गाणी, वाकून अभिवादन, गेला.
मी लिहिलं: बरा. घाईत.
शेजारी पेल्टियर, बटाट्याचा शेतकरी,
(अकरा वर्षं भेटतोय, पहिलं नाव अजून माहीत नाही)
म्हणाला, "पोरगं अजून परीक्षा देतंय."

मग धरणाचं गाणं सुरू झालं.
सेहेचाळीस वेळा ऐकलंय.
कुठे वळण, कुठे खड्डा, झोपेतही सांगेन.
तेवढ्यात कुणीतरी स्टेजवर खुर्ची आणली
आणि केप ब्रेटनची मोराग मॅकफी येऊन बसली,
पंचाहत्तरीची, बर्फातले बूट तसेच पायात,
मांडीवर व्हायोलिन.

ती लवकर शिरली.
आणि पट्टीही चुकली.

ढोलवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
पेल्टियरने डोळे मिटले,
निसरड्यावर गाडी घसरताना मिटतो तसे.
केलनने गिटारच्या तारांवरून हात उचलला,
म्हातारी थांबेल, म्हणून.
ती थांबली नाही.
बुटाने ठोका धरला, फळीवर, ठक्क,
जणू चुकलो होतो ते आम्हीच.

बेस आधी गेला तिच्याखाली,
आधीच पाय सोडलेल्या माणसाखाली
कुणी हलकेच शिडी सरकवावी तसा.
मग एक ढोल. मग केलन, मान खाली घालून.
आपलं गाणं तिथंच टाकून
सगळे तिच्या गावाला निघाले.

एकोणीस वर्षं मी तोच रस्ता चालवते.
चालवणारीला पुढचं वळण माहीत नसणं
म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.
मी मागच्या बाकावर जाऊन बसले.
खिडकीबाहेर काय काय गेलं:
एक लग्न, नाही, एक प्रेतयात्रा,
नाही, लग्नच,
आणि मध्येच खूप वेळ नुसतं पाणी.
कारखान्याची जमीन बुटांनी हलत होती.
माझाही बूट त्यात होता, उशिरा लक्षात आलं.

धरणाचं गाणं परत कुणी आणलं, ठाऊक नाही.
ट्रंपेटवाला पोरगा कडेला उभा होता,
न बोलावता,
त्याने एकच सूर धरला, लांब,
आणि मोराग त्या सुरावर येऊन थांबली.
मग तिने पाणी मागितलं.

पेल्टियरने नाक शिंकरलं.
"बावीस मिनिटं," म्हणाला.
मी आकडा लिहिला.
पुढे पेन टेकवलं, तिथं शाईचा एक ठिपका आहे.
कुणीतरी टेप केलंच असेल.
मी विचारलं नाही.

सकाळी पहिल्या थांब्यावर एझ्रा चढला,
सात वर्षांचा, नेहमी माझ्या मागेच बसतो.
थोड्या वेळाने म्हणाला,
"तू सारखी ब्रेकवर पाय का आपटतेस?"
रस्ता निसरडा आहे, मी म्हणाले.
रस्ता कोरडा होता.