हांव रडना

पहिल्यांदा पडलं ते भूगोलाच्या वहीवर.
उर्मी मांडवी रंगवत होती, निळ्या खडूनं,
आणि घाटाच्या पायथ्याशीच नदी लाल झाली.
शेजारच्या मुलीला वाटलं, खाणीचं पाणी दाखवतेय.
बाईंना वाटलं, घोळणा फुटला.
ती म्हणाली, नाक कोरडं आहे, बघा.

मी कदंबचा कंडक्टर, पणजी-वाळपई.
खाकी खिशात आता दोन रुमाल असतात,
एक घामाचा, एक तिचा.
तिचा थंड पाण्यात भिजवायचा.
गरम पाण्यात डाग धाग्याला धरून बसतो.
हे मला तिच्या आईनं शिकवलं,
आईला तिच्या आईनं, वेगळ्याच कारणासाठी.

बांबोळीला सहा खेपा झाल्या.
मिनेझिस डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली,
अश्रूंच्या नळीत पाणी सोडलं, नाकात दुर्बीण घातली,
रक्त गोठायला किती वेळ लागतो तेही मोजलं.
कागदावर लिहिलं : हेमोलॅक्रिया.
पुढं प्रश्नचिन्ह, शब्दापेक्षा मोठं.
"कारण सापडत नाही. बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं."
बहुतेक म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.
सुट्टे नसले की मीही तिकिटामागं आकडा लिहितो
आणि उतरताना घ्या म्हणतो.

गावात मात्र सगळ्यांनाच कारण सापडलं.
कुणी पायरीवर नारळ ठेवून गेलं, कुणी मेणबत्ती.
एकजण मोबाईल धरून अंगणात उभा :
"मातशें रडून दाखय गो."
"हांव रडना," ती म्हणाली, डावा गाल लाल,
"तें आपशींच येता."
आणि दार लावून अपूर्णांक सोडवायला बसली.

काल साखळीला शेवटच्या फेरीत चढली.
खो-खोच्या यादीतून नाव खोडलं होतं,
सरांनी सांगितलं, उगाच जोखीम नको.
माझ्या सीटवर बसून हुंदके देऊन रडली,
पहिल्यांदाच, खरंखुरं.
मी रुमाल दिव्याखाली धरून पाहिला.
नुसता ओला.
पुन्हा पाहिला, उलटा करून.
अख्ख्या बसदेखत मला हसू फुटलं.
"हांसता कित्याक?" ती चिडली, आणखी रडली.
मी शिटी मारली. होंड्याचा चढ लागला.

सकाळी उशीवर दोन थेंब होते.
बादली रात्रीच भरून ठेवलेली.