सहा महिन्यांनी या

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतनं रिपोर्ट आणला.
इंगवले डॉक्टरांनी दोनदा वाचला, मधे चष्मा पुसून.
साधी गाठ नाही, कॅन्सरही म्हणवत नाही.
पेशी जरा वेड्यावाकड्या आहेत,
पुढं काय करतील ते काचेखाली दिसत नाही.
मी म्हटलं, म्हंजे हाय का न्हाई?
ते म्हणाले, सहा महिन्यांनी या.

सुभाषनगरात येऊन वेणी घालायला बसले.
कातड्यातली एक गाठ अंगठ्याला लागली.
सासरे अशी गाठ लगेच कापत नसत.
भिजवत, ठोकत, उजेडाला धरत,
आणि म्हणत, चालल्याबिगर कळायचं न्हाई.

पट्टी बाजूला ठेवली.
मग परत घेतली.
गिऱ्हाइकाला शुक्रवारपर्यंत
कर्रकर्र वाजणारा जोड पाहिजे.