हात जातो का

भोसरीत, कंपन्यांच्या मागच्या गल्लीत,
वाल्हेकरमामांच्या शेडमध्ये
रात्री सव्वाअकराला
जमिनीवर खडूने अर्धी गाडी काढलेली होती.
उजवी अर्धी. डावीकडे ड्रिलचा कीस सांडला होता.

दांडा एकच. बोटाएवढा जाड, हातभर लांब.
चाकापासून तिरका निघतो, आत जातो
आणि स्प्रिंगला सांगतो रस्ता काय म्हणाला.
भांडण एवढंच, की त्याने
खालून वर जावं, ढकलत,
की वरून खाली यावं, ओढत.

एवढंच म्हणजे गेले नऊ दिवस.

तन्वीर मुजावर म्हणे, ओढत.
ओढलेली वस्तू वाकत नाही केतकी,
दोरी बघ, ताणलीस की सरळ होते.
ढकललेल्या काठीचं मधेच पोट सुटतं.
म्हणून पातळ चालेल. शिवाय डँपर तळाशी,
सगळं ओझं अकरा मिलिमीटर खाली.
अकरा, त्याने खडूने लिहिलं, खाली रेघ मारली,
जणू त्या अकरावर कुणी घर बांधणार आहे.

केतकी खळदकरने चहाचा ग्लास
बरोबर पुढच्या चाकाच्या जागी ठेवला.
तुझा दांडा पातळ झाला, मान्य.
पण तो आता लोंबतो कुणाला? वरच्या विशबोनला.
मग ती जाड कर.
वजन जातं कुठे रे,
या खिशातून त्या खिशात.

मी मधे. मी कॅप्टन, म्हणजे ज्याच्याकडे
शेडची किल्ली आणि उधारीची वही.
दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती.
टीव्हीवरच्या त्या कोट्यवधींच्या गाड्यांचंही तेच:
कुणी ढकलतं, कुणी ओढतं,
आणि जो जिंकतो त्याचंच त्या वर्षी शास्त्र.

मामांनी लेथ बंद केला.
सोमवारपासून मशीन पंपवाल्यांचं आहे,
ड्रॉइंग द्या, नाहीतर घरी जाऊन झोपा.
मग सांगाड्याशी येऊन उकिडवे बसले.
तळाशी, जिथे ड्रायव्हरच्या नडग्या येणार,
तिथे उजवा हात घातला. करंगळी नसलेला.
मनगटाशी अडकला.
बोलले काहीच नाहीत. हात काढून फडक्याला पुसला.
चार बोटांचा जाईना तिथे
पावसात, सात मिनिटांत, आमचे पाच कसे जाणार होते?

मी म्हणालो, ढकलू.
केतकी हसली नाही. तन्वीरने चपलेने अकरा पुसले,
रेघ तेवढी राहिली.
आणि ज्या ब्रॅकेटविरुद्ध तो नऊ दिवस बोलला
तेच पहाटे चारपर्यंत कानशीने घासत बसला,
इतकं नीट, की बेअरिंग बसताना
आवाजसुद्धा आला नाही.

खरं सांगायचं तर
शर्यतीत डँपरला हात लावायची वेळच आली नाही.
दांड्याने मुकाट प्रत्येक खड्डा वर पोचवला.
एकविसाव्या किलोमीटरला चेन तुटली.
चेनबद्दल आमच्यात कुणी
एक शब्द काढला नव्हता.

आता मी चाकणला, बसच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर.
इथे कुणी भांडत नाही. जुनं ड्रॉइंग, नवी तारीख.
घरी जाताना गतिरोधक आला
की पायाआधी कमरेला कळतं,
आणि पाठीमागे बसलेली बायको म्हणते, हळू.

काल रात्री, साडेबाराला,
कोईमतूरहून तन्वीरचा फोटो आला तिघांच्या ग्रुपवर,
दोन वर्षांनी पहिल्यांदाच.
नवी गाडी, पुढचं नाक उघडं,
दांडा वरून खाली उतरलेला, पेन्सिलीइतका पातळ.
खाली एकच शब्द: बघ.

सासवडला केतकी जागीच होती.
तिने लिहिलं, हात जातो का?

तो अजून टाइप करतोय.