देवीचे कोणते, बुरशीचे कोणते

फोटो कूलरच्या मागच्या भिंतीवर होता.
सात उन्हाळे वाळ्याची जाळी ठिबकत राहिली,
आम्ही गार वारा खात बसलो.
उतरवला तेव्हा लक्षात आलं,
माणसं काचेला चिकटलीयत.

देगलूरला बसस्टँडसमोर, रसवंतीच्या माडीवर
मुबीनचं दुकान.
लग्नाचे अल्बम, नोकरीच्या अर्जाचे फोटो,
आणि आमच्यासारखे कुणी,
पिशवीत गेलेली माणसं घेऊन जिना चढणारे.
त्यानं काच काढली नाही.
'ओढलं तर चेहरे तिकडंच राहतील, ताई.
काचेसकट घेऊ.'

पडद्यावर पाचजण आले.
आजोबा टोपीपुरते.
आजीचा पदर शाबूत, आजी नाही.
संतुककाका सतरा वर्षांचे, ताठ, उसन्या कोटात.
बाबा चार वर्षांचे, ऐन वेळी हललेले,
त्यांना दोनाचे चार हात.
मुबीन म्हणाला, हे जुळवून देतो.
मी म्हटलं, ते हलूच दे.
पाण्यानं नाही झालं ते.

मग त्यानं एक बटण दाबलं.
निळी पट्टी सरकत गेली
आणि उजवीकडून भागाआत्या वर आली,
साबणाच्या जाहिरातीतून आल्यासारखी.
गालावर एक ठिपका नाही.
'कशी वाटते?'
छान वाटते.
पण कोण आहे ही?

आत्याला नवव्या वर्षी देवी आल्या होत्या.
माझा लहानपणचा हात तिच्या गालावरून फिरायचा,
खडबडीत, ज्वारीच्या भाकरीसारखा,
आणि ती झोपेचं सोंग घ्यायची.
म्हटलं, मुबीन, परत आण.
त्यानं आणलं. सगळंच आलं,
व्रण, बुरशी, पाण्याचे ओघळ.
'आता यातले देवीचे कोणते, बुरशीचे कोणते,
मशीनला कळत नाही, ताई. मलाही नाही.'

मलाही नाही.
बोटांना आठवत होतं, डोळ्यांना नाही.

चौथ्या दिवशी संतुककाका उदगीरहून आले,
मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं, डोळ्याला हिरवा चष्मा.
खुर्ची ओढून पडद्याला नाक लावलं.
पडद्याला बोट लावलं की मुबीन ओरडतो.
काकांनी लावलं. तो गप्प बसला.

'हा. भुवईच्या वर. हा अक्काचा.
हा नाही. हाबी नाही.
नाकाच्या बाजूचे हे तीन, एका वळीत.'

इतकं कसं काय, काका?

'तिला लिंबाच्या पाल्यावर निजवलेलं.
मला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते.
मग काय करावं? उंबऱ्यावर बसून मोजायचो.
मोजायला तिथंच शिकलो मी.
वीसच्या पुढं येत नव्हतं,
मग परत एकपासून.'

मुबीनचा माऊस त्यांच्या बोटामागून चालला.
बुरशी एकेक ठिपका जात होती,
आत्या एकेक ठिपका येत होती.
खाली रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

मध्येच काका हसले.
'हा फोटो काढला ना, तेव्हाचा फोटोवाला म्हणला,
दोन रुपये जादा द्या,
पेन्सिलीनं गाल साफ करून देतो, पोरीचं लग्नाचं वय हाय.
आमचे वडील खिशात हात घालायलेत,
तर अक्का म्हणली,
दोन रुपयात गालच साफ करतो का विचारा.
नसंल तर राहू द्या.'

हनुवटीवर एक उरला.
काका पुढं झाले, मागं झाले, चष्मा वर केला,
डॉक्टरनं करू नका म्हटलेलं सगळं केलं.
बोट टेकलं नाही.
'ह्याचं सांगता येईना.'
मुबीननं माझ्याकडं पाहिलं.
मी काकांकडं.
'वीसच्या पुढचा असंल,' ते म्हणाले. 'ऱ्हाऊ दे.'

पैसे विचारले तर मुबीन बराच वेळ
कॅल्क्युलेटरशी खेळत राहिला.
म्हणाला, डाग काढायचे साडेतीनशे घेतो मी.
ठेवायचे किती, ते कधी लावलंच नाही.
शेवटी नुसत्या फ्रेमचे घेतले,
आणि जिन्यापर्यंत सोडायला आला.
'ताई, कूलरच्या मागं नका लावू.'