गुण्या

स्कूटरचा कारखाना उभा राहायच्या आधी
साताऱ्यात त्याची शाळा उभी राहिली :
पत्र्याची शेड, बारा व्हाइस, बारा पोरं
आणि बाबालाल शिकलगार मास्तर,
ज्यांच्या आज्यानं तलवारींना धार लावलेली.

तीन महिने इंजिन दाखवलंच नाही.
एक लोखंडी ठोकळा दिला, एक कानस.
"काटकोनात आण."
बोटांची सालं गेली.
मास्तर ठोकळ्याला गुण्या लावायचे,
खिडकीशी धरायचे, यवतेश्वराच्या बाजूला,
आणि फटीतला उजेड बघून म्हणायचे,
"अजून डोंगर दिसतोय."

अठ्ठ्याऐंशी साली नवी मशिनं आली.
मास्तरांची खुर्ची स्टोअरमध्ये गेली, मागून मास्तर.
पुढच्या बॅचला ठोकळा नव्हता,
गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं.
निमसोडची कौसल्या पाटोळे तेवढी विचारत आली,
"तुमचा बसला होता का हो?"

नव्हता.
दोन शतांश राहिले, एका कडेला.

अजून आहे घरात.
दुधाच्या पातेल्यावर ठेवतो, मांजरापायी.
कधीमधी पुसून खिडकीशी धरतो,
पण नुसत्या ठोकळ्यात काय दिसणार?
गुण्या कंपनीनं जमा करून घेतला,
सही घेऊन.