किती पावलं

ग्रिम्सबीच्या गोदीमागच्या कचेरीत
खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत.
कुणी ठोकल्या, का ठोकल्या, मी विचारलं नाही;
मला इथे चिकटून दोनच वर्षं झाली.

विल्फ्रेड ऑग्डेन, वय बासष्ट.
पस्तीस वर्षं बर्फातले मासे चिरले.
आता बोटं मिटत नाहीत, गुडघे उघडत नाहीत.
कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश.
कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला
की इथे चकाकून येऊ नये.

न थांबता किती चालता? मी वाचते.
खिडकीबाहेर दोन सीगल चिप्सच्या पुडीवरून भांडतायत.
त्यांच्याकडे बघत तो म्हणतो,
"दोनशे यार्ड. सहज."

दारापासून खुर्चीपर्यंत अकरा पावलं आहेत.
येताना तो मध्येच भिंतीला टेकला,
भिंतीवरचं पोस्टर वाचत असल्यासारखा.
पोस्टर पोलिश भाषेत आहे.

कपडे स्वतःचे स्वतः घालता?
"मी काय कुकुलं बाळ आहे?"
शर्टाची सगळी बटणं
एकेक काज खाली लागलेली.

मग न विचारताच सुटतो, शेजारणीबद्दल:
"भिंतीएवढा टीव्ही. दुपारी बारापर्यंत पडदे ओढलेले.
आमच्या टॅक्सवर चाललंय सगळं.
मी तसल्या ऐतखाऊंतला नाही. लिहा तिथे."

तसं लिहायला रकाना नाही.

त्याचा अर्ज माझ्यापुढे आहे, जांभळ्या शाईतला.
शेवटच्या पानावर, मदत करणाऱ्याचं नाव:
मँडी क्लेटन, शेजारी.
पान पान भरून तिने उतरवलेत
त्याचे वाईटातले वाईट दिवस.
*पहाटे चारला जिन्यात बसून होता.
वर जाता येईना, खाली उतरता येईना.
भिंतीवर तीनदा ठोकायचं, मग मी जाते, असं ठरलंय.
या महिन्यात नऊ वेळा.*

आठ गुण मिळाले तर पैसे.
दोनशे यार्डांना शून्य.
कागद एक बोलतो, माणूस एक,
आणि साहेब म्हणतात, समोर बोललेलं धरायचं.

मिस्टर ऑग्डेन, मी म्हणते, नीट आठवून सांगा.
वाईट दिवस असतो तेव्हा?
"वाईट दिवस कुणाला नसतात, पोरी?"

उठताना खुर्ची मागे सारायला बघतो.
ती हलत नाही.
मग टेबलाची कड धरून,
ओठ दाबून,
एकदाचा उभा राहतो.
"फुकटचं पचत नाही आपल्याला," म्हणतो,
आणि दाराकडे निघतो.

पडद्यावरचा रकाना कोरा, कर्सर लुकलुकतोय.
मी मोजते.
तीन. चार.
पाच.
पोस्टर.